नदाफ सरांची पंगत

कोल्हापुरात मी दवाखाना थाटला त्या पहिल्या उन्हाळ्यात एक उंच, किडकिडीत माणूस मला रोज दिसायचा. भर दुपारी लाल काचांचा चष्मा लावून तो शाहूपुरीतून चालत जायचा. चष्माही साधा नव्हता, दोन्ही कडांना कातडं लावून बंद केलेला. त्यातून त्याला समोरचं नीट दिसत नसणार, कारण तो सायकलींच्या अगदी जवळून जाई आणि सायकलवालेच मुकाट्यानं बाजूला होत. एक दिवस मी कंपाउंडरला विचारलं, हे गृहस्थ कोण. तो म्हणाला, "नदाफ डॉक्टर. एक्स-रेवाले. आज कुणाचं तरी पोट बघायचं असंल."

ते खरंच होतं. साठच्या दशकात पोटाचा एक्स-रे पडद्यावर बघायचा तर खोलीत मिट्ट अंधार करावा लागे. पडद्यावर हिरवट, अगदी मंद उजेड पडे, आणि तो दिसायचा तर डोळे आधी अंधाराला सरावलेले हवेत. नाहीतर तेवढा वेळ लाल चष्मा लावायचा. दुसरे डॉक्टर अंधाऱ्या खोलीत बसून राहत. नदाफ सरांचं म्हणणं असं, की अंधारात बसून काय करायचं, तेवढ्यात माणूस घरी जाऊन जेवून येतो. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे भाभी म्हणत असू, त्या तक्रार करायच्या की यांना रोज सगळाच रस्सा तांबडा दिसतो, मग मी पांढरा करायचा कशाला.

त्यांची माझी ओळख झाली ती भांडणानंच. खोकल्याची एक बाई मी त्यांच्याकडे छातीच्या फोटोसाठी पाठवली होती आणि चिठ्ठीत फक्त 'क्षय' एवढंच लिहिलं होतं. संध्याकाळी ते स्वतः माझ्या दवाखान्यात आले. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच म्हणाले, "बाई, नाव तुम्हीच ठरवलंय. मग मी कशाला हाय?"

मी पुण्याहून आलेली. असल्या बोलण्याची मला सवय नव्हती. मग तेच खुर्ची ओढून बसले, चहा मागितला आणि आवाज जराही खाली न आणता मला समजावू लागले. एकटं नाव पानावर बसवायचं नाही, ते माजतं. पंगत मांडायची. ज्याचा ज्याचा म्हणून हक्क असेल त्या प्रत्येक आजाराला पाटावर बसवायचं. मग एकेकाला विचारत जायचं, बाबा रे, तू इथे कसा. ज्याला उत्तर देता येत नाही तो उठतो. शेवटी जो उरतो त्याचं नाव लिहायचं. दोघं उरले तर दोघांची लिहायची, त्यात लाज कसली.

त्या बाईला क्षयच निघाला. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना ते सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं की. पण आता तो पंगतीतनं उरलाय. आधी एकटाच येऊन बसला हुता." मला त्यातला फरक कळायला बरीच वर्षं गेली.

नदाफ सरांच्या वडिलांचं लक्ष्मीपुरीत गाद्यांचं दुकान होतं. कापूस पिंजून पिंजून वडिलांना दमा जडला होता आणि तो दमा आहे की आणखी काही, यावर लहानपणी घरात अनेक डॉक्टरांचे वाद सर ऐकत आले होते. मुंबईत शिकले, तिथल्या मोठ्या इस्पितळात राहण्याची संधीही होती, पण परत आले. कारण विचारलं तर सांगत, तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही. आपलं कोल्हापुरी बोलणं त्यांनी कुणासाठीही बदललं नाही. मुंबईचे पाहुणे डॉक्टर इंग्रजीत विचारायचे आणि सर अर्धं इंग्रजीत, अर्धं 'हाय-न्हाय'मध्ये उत्तर द्यायचे.

फिल्म बघायची त्यांची एक पद्धत होती. काचेमागचा दिवा लावायचा, फिल्म अडकवायची आणि थेट दारापर्यंत मागे जायचं. तिथून एकदा बघायचं. मग जवळ यायचं. मग फिल्म उलटी लावायची. मग तळहातानं अर्धी झाकून उरलेली अर्धी बघायची. मी एकदा विचारलं, दारातून काय दिसतं. ते म्हणाले, दारातून माणूस दिसतो, जवळून नुसता डाग दिसतो. आणि फिल्म बघण्याआधी ते रोग्याला आपली दोन बोटं द्यायचे आणि म्हणायचे, आवळा. आधी उजव्या हातानं, मग डाव्या. पाय मोडून आलेल्यालाही बोटं आवळावी लागत.

सगळ्या शरीरात त्यांचा जीव होता तो मेंदूवर, आणि त्या काळात मेंदूच तेवढा फिल्मवर दिसत नसे. छातीच्या फिल्मवर फुप्फुस दिसतं, हाताच्या फिल्मवर हाड. डोक्याच्या फिल्मवर दिसते ती कवटी. आत काय चाललंय ते कवटीवरून ताडायचं. सर म्हणायचे, शेजारच्या घरात भांडण लागलंय की लग्न, ते आपल्या भिंतीला कान लावून ओळखायचं, तसलं हे काम. भिंतीचा पोपडा कुठं उडालाय, चुना कुठं फुगलाय, यावर बोलायचं. आणि बोललेलं खोटं निघालं तर कुणाच्या तरी डोक्याला भोक पडणार.

हातकणंगल्याची एक बाई एकदा त्यांच्याकडे आली. डोकं दुखायचं म्हणून तिचा दुसरीकडे फोटो काढला होता, त्यात मागच्या बाजूला लिंबाएवढी पांढुरकी सावली आली होती आणि गाठ आहे असं कुणीतरी सांगून टाकलं होतं. नवरा बिचारा रडून रडून थकलेला. सरांनी फिल्म दारातून बघितली, उलटी करून बघितली, बाईकडून बोटं आवळून घेतली आणि मला बोलावणं पाठवलं. मी गेले तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही बाईमाणूस हाय. आत जाऊन तेवढा अंबाडा सोडायला सांगा तिला."

तिचा अंबाडा म्हणजे खरोखर मोठं प्रकरण होतं. आत गंगावन घातलेलं, वर तेल चोपडलेलं, आकडे घट्ट खोवलेले. सगळं सोडून केस मोकळे केले आणि पुन्हा फोटो काढला. सावली नव्हती. डोकेदुखी चष्म्याची निघाली. नवरा बाहेर पायरीवर बसला होता. त्याला मी सांगितलं तेव्हा आधी त्याला ते पटेचना, आणि पटल्यावर तो इतका हसत सुटला की रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. सर मात्र हसले नाहीत. आपण पंगत मांडताना रोगच तेवढे बसवतो, असं ते म्हणाले. तेल, केस, आकडे, तिरकी मान, फोटो काढणाऱ्याची घाई, यांनाही पाट मांडावा लागतो.

बिद्रीकडच्या आप्पांची हकीकत याहून गंभीर. आप्पा साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर होते, निवृत्त झालेले. माणूस कडक, हिशेबी. त्या हिवाळ्यात ते बदलत गेले. दिवसभर झोपायचे. मुलांची नावं चुकायची. एकदा देवघरातच लघवीला बसले. मुलांना वाटलं वय झालं, भावकीतलं कुणी म्हणालं करणी झालीय, आणि शेवटी वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं असं घरात ठरत आलं होतं. जाता जाता एकदा दाखवावं म्हणून मुलगे त्यांना माझ्याकडे घेऊन आले. मला आप्पांचा डावा हात किंचित सैल वाटला. मी डोक्याच्या फोटोसाठी सरांकडे पाठवलं आणि मागोमाग स्वतः गेले.

मेंदूच्या अगदी मध्यावर तुरीच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. पुष्कळांच्या त्या ग्रंथीत वयाबरोबर चुना साठतो, आणि मग ती समोरून काढलेल्या फोटोत पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. ठिपका मध्यभागी असला तर घर ठीक. सरांनी फूटपट्टी लावली. आप्पांचा ठिपका डावीकडे सरकलेला होता. उजव्या बाजूला काहीतरी होतं आणि ते सगळा मेंदू ढकलत होतं.

मी गाठ आहे असं म्हणून बसले. सर ऐकेनात. आधी मान तिरकी होती का म्हणून त्यांनी पुन्हा फोटो काढला. ठिपका तोच आहे का दुसरा, म्हणून बाजूनं काढला. मग बाहेर येऊन मुलांना विचारलं, आप्पा कधी पडले होते का. मुलांनी एकमुखानं नाही सांगितलं. सर तिथंच उभे राहिले. तेव्हा मागे भिंतीशी बसलेली थोरली सून हळूच म्हणाली, की दिवाळीच्या आधी मामंजी सायकलवरनं पडलते, नुसतं टेंगूळ आलतं, कुणाला सांगू नको म्हणाले.

सरांनी त्याच दुपारी आप्पांना मिरजेला धाडलं. कवटीला छोटं भोक पाडल्यावर आतून रक्त आलं ते काकवीसारखं, काळं आणि दाट, महिन्यांपूर्वीचं साचलेलं. आठवडाभरानं थोरला मुलगा सरांकडे आला तेव्हा मी तिथंच होते. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "डॉक्टर, आप्पा शिव्या द्यायला लागलेत." त्यांच्या आजारात मुलांनी म्हैस विकली होती, त्याबद्दल. सरांनी डोळे मिटले आणि खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. ओझं उतरवलेल्या हमालाचा चेहरा असतो, तसा तो होता.

यावरून कुणाला वाटेल की सर नेहमी बरं तेच सांगत. तसं मुळीच नव्हतं. आमच्या ओळखीचे एक हेडमास्तर होते. त्यांच्या मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडून मिरजेत फोटो काढले होते आणि ते घेऊन ते सरांकडे आले. फोटोत रक्तवाहिन्या एका जागी वेड्यावाकड्या गुंतल्या होत्या. हेडमास्तरांनी ऐकलं होतं की नदाफ डॉक्टर पुष्कळ नावं सांगतात. ते म्हणाले, मलाही चार नावं सांगा. सरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि स्पष्ट सांगितलं, की सगळी बसवून बघितली, सगळी उठली, एकच उरलंय, वाईट गाठीचं. पुढे हेडमास्तरांची नजर गेली. त्यानंतर हेडमास्तर असेपर्यंत सर रोज संध्याकाळी म्हशींच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन त्यांच्या घरी जात आणि मोठ्यानं वर्तमानपत्र वाचून दाखवत. अग्रलेखासकट.

मेंदूचे काप दाखवणारं यंत्र मुंबईत आलं त्याची वार्ता सरांनी मला सांगितली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पुढे काही वर्षांनी मुंबईहून स्कॅन करून आलेले रोगी आमच्याकडे येऊ लागले. एका मोठ्या फिल्मवर डोक्याचे आडवे काप, कांदा चिरावा तसे, ओळीनं मांडलेले. सरांनी ती पहिली फिल्म काचेवर लावली आणि दारात कितीतरी वेळ उभे राहिले. एवढी वर्षं भिंतीला कान लावला, ते घर आज आतून बघायला मिळालं, असं काहीसं म्हणाले. नंतर मात्र ते त्या फिल्मवर खूप वैतागले. कारण आता सगळ्यांनाच डाग दिसू लागला होता आणि जो तो डागाला नाव देत होता.

दत्तू कुंभार आला तो अशीच फिल्म घेऊन. इचलकरंजीत मागांच्या शेडमध्ये तो जॉबर होता. माग बिघडला की दुरुस्त करायचा. वय तिशीच्या आत. एक दिवस चालत्या मागाशी उभा असताना त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडू लागला, मग पंजा, मग सगळा हात, आणि तो खाली कोसळला. शेडच्या मालकानं मुंबईला पाठवून स्कॅन करवलं. त्यात मेंदूच्या डाव्या बाजूला बांगडीसारखं एक छोटं पांढरं कडं दिसलं, भोवती काळसर सूज. तिथल्या शल्यविशारदांनी गाठ असल्याचं सांगितलं आणि शस्त्रक्रियेसाठी पुन्हा बोलावलं. जागा अवघड होती. हाताची आणि बोलण्याची. शस्त्रक्रियेनंतर उजवा हात पहिल्यासारखा राहील असं सांगता येत नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

बोलत होती ती त्याची बायको, शालन. तिनं सरांना सांगितलं की हात गेला तर हा माणूस मरंल, आणि हात ठेवला तर गाठीनं मरंल, तेव्हा काय ते एक सांगा.

सरांनी दत्तूला बोटं दिली. त्यानं ती इतकी आवळली की सर कळवळले. मग ते फिल्म घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि आमची पंगत सुरू झाली. पाच जण बसले. मेंदूची स्वतःची गाठ. दुसरीकडून आलेली गाठ. पुवाचा फोड. क्षयाची गाठ. आणि पोटातल्या जंताची मेंदूत जाऊन बसलेली, मरू घातलेली अळी. पुवाचा फोड लगेच उठला, कारण ताप नव्हता, कान वाहत नव्हता. दुसरीकडून आलेली गाठ म्हणावी तर छाती आणि पोट स्वच्छ होतं. उरले तिघे. कडं लहान होतं आणि सूज मानानं जास्त होती. माणूस एरवी ठणठणीत होता. डोळ्याच्या मागच्या पडद्याला मला सूज दिसली नाही, म्हणजे डोक्यात दाब वाढलेला नव्हता. सरांचा दक्षिणेतला एक डॉक्टर मित्र त्यांना सांगत आला होता, की असले लहान डाग कधी कधी नुसत्या झटक्याच्या गोळ्यांवर ठेवले तरी विरून जातात.

"कधी कधी म्हणजे किती वेळा?" मी विचारलं.

"तेच तर त्यालाबी ठावं न्हाय," सर म्हणाले.

आणि मग ते दत्तू आणि शालनला घेऊन मुंबईला गेले. त्या भेटीबद्दल मला शालननंच पुढे सांगितलं. शल्यविशारद मोठे होते, पण उर्मट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुमचा अंदाज चुकला आणि ही वाईट गाठच निघाली तर? सर म्हणाले, तर मी याला घेऊन परत तुमच्याच दारात येतो, तुम्ही कापा. दोनेक महिने जातील. ते महिने वाया गेले तर ते माझ्यामुळं गेले, हे मी आत्ता याच्या बायकोसमोर सांगतो. मग ते शालनकडे वळले. त्यांनी तिला दोन्ही बाजू सांगितल्या, जशा आम्ही एकमेकांशी बोलायचो तशाच, काही न लपवता. तिनं विचारलं, तुमचा भाऊ असता तर काय केलं असतं. ते म्हणाले, थांबलो असतो, पण मला झोप लागली नसती. ती म्हणाली, मग थांबूया.

झोप त्यांना खरंच लागत नसावी. दर रविवारी ते मला बरोबर घेऊन एस.टी.नं इचलकरंजीला जात. दत्तूच्या खोलीत सगळ्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट ऐकू यायचा. सर बोटं द्यायचे, मी डोळे तपासायची, शालन चहा करायची. चालत्या मागापासून त्याला लांब ठेवा असं सरांनी मालकाला सांगितलं होतं, म्हणून तो विणलेलं कापड तपासायच्या टेबलावर बसायचा आणि कंटाळायचा.

एका गुरुवारी मालकाच्या ऑफिसातून फोन आला. दत्तू दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात. सर माझ्या दवाखान्यात आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते एवढंच म्हणाले, "मोठं झालं ते." टॅक्सीत मला जाणवलं की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यासमोर एकच नाव बसलं होतं आणि त्यांना दुसरा पाट दिसत नव्हता.

दत्तू भिंतीला टेकून बसला होता. मी डोळ्यांत दिवा धरला. मागच्या पडद्याला सूज नव्हती. पण बाजूला बघ म्हटलं की त्याची बुबुळं थरथरत मागे-पुढे जात होती. मी सरांना ते सांगितलं. त्यांनी बोटं दिली. पकड तशीच दांडगी होती. सर उठले, दारापर्यंत मागे गेले आणि तिथून दत्तूकडे बघत राहिले. मग त्यांनी शालनला विचारलं, गोळ्या किती देतेस. तिनं सांगितलं, की मागच्या आठवड्यात अंगठा जरासा उडाला म्हणून घाबरून ती दुप्पट गोळ्या देत होती.

गोळ्याच चढल्या होत्या, दुसरं काही नव्हतं. आम्ही दोन दिवस औषध थांबवायला सांगितलं. सर उंबऱ्यावर बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले. "औषधालाच पाट मांडायचा राहिला की," असं ते मला म्हणाले. मग त्यांनी शालनला भाकरी आहे का विचारलं. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. तिनं भाकरी आणि ठेचा दिला. तिला सर रागावले नाहीत. घाबरलेल्या माणसाला गोळ्या मोजायला सांगितल्या, ही चूक आपली, असं ते परतीच्या वाटेवर म्हणाले.

दुसऱ्या स्कॅनला मात्र ते मुंबईला गेले नाहीत. मी गेलो तर मला जे बघायचंय तेच दिसेल, असं त्यांचं म्हणणं. दत्तू आणि शालन रेल्वेतून उतरून स्टेशनवरून थेट त्यांच्याकडे आले. मी आधीच जाऊन बसले होते. सरांनी पाकिटातून फिल्म काढली, जुनीच्या शेजारी नवी लावली आणि दारापर्यंत मागे गेले. मग जवळ आले. मग नवी उलटी लावली. मग तळहातानं अर्धी झाकली. मी माझ्या जागेवरून बघत होते, आणि मला ते कडं सापडत नव्हतं. सूजही नव्हती. त्या जागी सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका होता, बस्स.

शालनला राहवेना. ती म्हणाली, "हाय का न्हाय तेवढं सांगा."

"न्हाय," सर म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "काय हुतं ते मला ठावं न्हाय. पण आता न्हाय."

शालन होती तिथं फरशीवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. दत्तूनं विचारलं, आता मागावर जाऊ का. सर म्हणाले, अजून वर्षभर कापडच तपास. मग ते आतल्या खोलीत गेले. मला नळाचा आवाज ऐकू आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या शर्टाची कॉलर ओली होती.

त्या शल्यविशारदांचा नंतर सरांना फोन आला. त्यांच्याकडे असेच लहान कडं असलेले आणखी दोघं शस्त्रक्रियेच्या वाटेवर होते. त्यांनी दोघांनाही थांबवून पुन्हा स्कॅन केलं होतं. एकाचा डाग विरत चालला होता. दुसऱ्याचा वाढला होता, त्याची शस्त्रक्रिया त्यांनी केली आणि तो माणूस वाचला. सरांनी ही दुसरी गोष्ट मला दोनदा सांगितली. पहिलीपेक्षा तिचाच त्यांना जास्त दिलासा वाटला असावा.

शहरात मात्र वेगळंच पसरलं. नदाफ डॉक्टर बिनऑपरेशनची गाठ घालवतात, असं लोक बोलू लागले. लांबलांबून माणसं यायची. सर त्यांच्यावर चिडायचे. मी काही घालवलं नाही, मी नुसता थांबलो, आणि प्रत्येकाला थांबता येत नाही, हे ते ओरडून सांगत. लोकांना वाटे डॉक्टर विनयशील आहेत. विनय त्यांच्यात औषधालासुद्धा नव्हता.

ऐंशीचं दशक संपता संपता कोल्हापुरात पहिलं स्कॅन यंत्र आलं. ते आणणारे तरुण डॉक्टर सरांच्या हाताखाली शिकलेले होते. सरांची तब्येत खालावली होती, ते आणि भाभी मुलीकडे हुबळीला जायच्या बेतात होते, तरी त्यांना फीत कापायला बोलावलं. सरांनी फीत कापली, भाषणाला नकार दिला आणि आत यंत्र बघायला गेले. मीही मागोमाग गेले.

पहिली रोगी म्हणून एक म्हातारी आणली होती. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, कागलकडची. ते भलंमोठं गोल यंत्र बघून तिनं दाराची चौकट धरली आणि सोडेना. मुलगा समजावत होता, नर्स समजावत होती, तरुण डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. या भोकात डोकं घातलं की ते तोडून घेतात, असं तिचं म्हणणं होतं.

सरांनी कुणाला काही विचारलं नाही. बूट काढले, टोपी माझ्या हातात दिली आणि त्या अरुंद टेबलावर आडवे झाले. यंत्र चालू करू नका, नुसतं टेबल आत न्या, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. टेबल सरकलं. आधी त्यांचं पांढरं डोकं आत गेलं, मग खांदे. बाहेर उरले ते लांब पाय. एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

मग आतून त्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा.

"आत गारवा हाय, आक्का. पंखा लावल्यागत. या की."

म्हातारीनं चौकट सोडली. दोन पावलं पुढं आली, वाकून त्या गोलात बघितलं आणि मग सरांच्या मोज्यातून बाहेर आलेल्या अंगठ्याला बोट लावून बघितलं.

"उठा मग पावणं," ती म्हणाली. "मला जागा द्या."